चाळीस सेकंदांचं अंतर

कालपासून सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तेच सुरू झालंय. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा. कुणीतरी रंगीत नकाशा टाकतं, त्यावर लाल-जांभळा भोवरा गरगरतो, खाली जोडलेल्या हातांच्या तीन इमोजी. मग सेक्रेटरी लिहितात, 'सर्वांनी कुंड्या आत घ्याव्यात.' त्याखाली लगेच कुणीतरी विचारतं, 'आज पाणी किती वाजता?' वादळ आणि नळाचं पाणी यांच्यात नळ नेहमी जिंकतो, ही आमच्या घाटकोपरची रीत. मीही तो नकाशा बघते. बोटांनी मोठा करते, लहान करते, आणि मग माझी नजर त्याच्या कोपऱ्यातल्या वेळेवर जाऊन अडकते. किती वाजताचं चित्र हे? आणि कुणाच्या घड्याळानं?

हे मी कुणाला विचारत नाही. मी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलांच्या हातात स्टॉपवॉच देण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. सेकंदासाठी भांडणारी खडूस बाई अशी माझी ख्याती आहे आणि ती मी मेहनतीनं कमावली आहे. पण ती कुठल्या सकाळी कमावली, हे त्या मुलांना माहीत नाही.

आज हवा हललेली नाही. खिडकीबाहेरचा गुलमोहर चित्रात काढल्यासारखा उभा आहे. मे महिन्यात अशी हवा थांबली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी येते. बाकीच्यांचा मे आंब्यांचा, सुट्टीचा, लग्नांचा. आमच्या घरात तो वैशाख पौर्णिमेचा, विहाराला चुना लावण्याचा, खिरीचा. आता मात्र तो माझ्यासाठी एकाच सकाळचा महिना होऊन बसलाय.

टाळेबंदीचं दुसरं वर्ष होतं. कॉलेज बंद, प्रयोगशाळेला कुलूप. हाताला काम नसलं की माझं डोकं फिरतं. त्या उन्हाळ्यात मला शोध लागला की डोक्यावरून जाणारे काही जुने हवामान-उपग्रह आपली चित्रं उघड्यावर सांगत जातात. कुलूप नाही, पासवर्ड नाही. ज्याच्याकडे अँटेना असेल त्यानं ऐकावं. ऐकावं असंच म्हणते, कारण ते चित्र आधी आवाज म्हणून येतं. सुरुवातीला नुसती खरखर. मग खरखरीतून हळूच टिक-टॉक, टिक-टॉक, सेकंदाला दोन ठोके. उपग्रह डोक्यावर आला की आवाज स्वच्छ होतो, आणि दहा-बारा मिनिटांत तो पलीकडे बुडाला की परत खरखर. तेवढ्या वेळात लॅपटॉपच्या पडद्यावर एकेक ओळ करत करडं चित्र वरून खाली उतरतं. आधी राजस्थान, मग गुजरातचं नाक, मग आपला किनारा, मग नुसता समुद्र. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी रडले होते. का, ते अजूनही सांगता येणार नाही.

अँटेना आबांनी केली. आबा म्हणजे माझे वडील. बहात्तरच्या दुष्काळात परभणीकडून मुंबईला आले आणि साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात छत्तीस वर्षं लेथ मशीनवर उभे राहिले. 'मी आलो नाही, दुष्काळानं धाडलं,' असं म्हणायचे. ॲल्युमिनियमच्या दोन दांड्या त्यांनी जुन्या ओळखीतून आणल्या.

"किती कापू?"

"एकेक त्रेपन्न सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटर."

"चार म्हंजे चारच ना बेबी? का आपलं शाळेतलं चार?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून कापडात गुंडाळलेला, बारीक माप घ्यायचा व्हर्नियर काढला, चष्मा कपाळावर ढकलला आणि दोन्ही दांड्या अशा कापल्या की केसाचा फरक नाही. "तुझ्या उपग्रहाला सांग, माप आबानं घेतलंय," म्हणाले. पन्नाशीला आलेल्या मला बेबी म्हणणारं ते एकच माणूस होतं.

मी खाली राहते, चौथ्या मजल्यावर, आणि माझ्या चारी बाजूंना टॉवर. तिथून आभाळ दिसतं ते रुमालाएवढं. आबा मात्र असल्फ्याच्या डोंगरावर राहायचे, एकशे चौदा पायऱ्या चढून. दोन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, पाठीमागे डोंगर अडवून धरणारी दगडी भिंत. 'खाली ये' म्हणून मी वर्षानुवर्षं डोकं फोडलं. "खाली येऊन काय करू? तुझ्या टॉवरची धुणी बघत बसू?" हे त्यांचं उत्तर. पण आभाळ त्यांच्याकडेच होतं, म्हणून त्या उन्हाळ्यात रोज सकाळी मी लॅपटॉप पाठीवर टाकून डोंगर चढायची. उत्तरेला टेकडीचा माथा आड यायचा, त्यामुळे चित्राच्या वरच्या भागात खरखर राहायची. बाकीचं सगळं झकास.

आमच्या माणसांना ढगांची भीती नसते. आबांच्या गावात अख्खा वैशाख लोक आभाळाकडे बघत काढायचे, एखादा पांढरा तुकडा दिसला तरी त्याला नाव ठेवायचं धाडस कुणी करत नसे. ढग म्हणजे येईल न येईल असा पाहुणा. पडद्यावर समुद्रातलं ते पांढरं चक्र त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पडद्याच्या अगदी जवळ सरकले. मग म्हणाले, "एवढं पाणी! आन् आमच्या परभणीला थेंब नाही." शेजारच्या परब काकूंचं उलटं. त्या मालवणकडच्या. त्यांना पडद्याची गरजच नव्हती. कावळे खाली उडायला लागले की त्या वाळत घातलेले कपडे काढायच्या आणि म्हणायच्या, "वारो येतलो." परब काका पूर्वी गिरणीत होते. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि मागच्या भिंतीला लागून असलेली खाट हेच त्यांचं जग होतं.

आता घड्याळाबद्दल सांगायला हवं. आबांचं चावीचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं. वर्कशॉपचं फाटक आठला बंद व्हायचं आणि नंतर आलेल्या माणसाला मालक आत घेत नसे, तेव्हापासूनची ती सवय. फाटक सुटून तेरा वर्षं झाली तरी घड्याळ पुढेच. मी चिडवायची, "आबा, पुढे ठेवायचं आणि परत मनात पाच वजा करायचे, मग उपयोग काय?"

"उपयोग हाच," ते म्हणायचे, "की तू वजाबाकी करत बसतीस तवर मी घराबाहेर पडलेला असतो."

त्यांच्याकडून वेळ घ्यायची म्हणजे पाच वजा करून घ्यायची, हे मला अक्षरं येण्याआधी येत होतं.

ते वादळ केरळच्या बाजूनं निघालं आणि किनारा धरून वर सरकू लागलं. चार सकाळी मी त्याची चार चित्रं उतरवली. आबा दाराच्या आतल्या बाजूला खडूनं खुणा करायचे. एक खूण, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. खालच्या रस्त्यावर लाऊडस्पीकरची गाडी फिरू लागली होती, डोंगरावरच्या लोकांनी खाली यावं म्हणून. आबांनी कानही दिला नाही. "ते दरसाल वरडतात. तुझ्या चित्रात जवळ दिसलं की सांग. त्याच मिनिटाला उतरतो." मला काय वाटलं, खरं सांगू? भीती नाही वाटली. अभिमान वाटला. आयुष्यभर ज्यांनी माझं एक ऐकलं नाही ते माझ्या चित्राचं ऐकायला तयार झाले होते.

पाचव्या सकाळी डोंगरावर वीज नव्हती. पाऊस तिरपा येत होता, पण पेलण्यासारखा. माझा मोबाइल मी घरी ठेवून आले होते, कारण माझ्या मुलीची, मैत्रीची, कॉलेजची ऑनलाइन परीक्षा होती आणि घरात चालणारा फोन तो एकच. लॅपटॉप कॉलेजनं मोडीत काढलेला. त्याच्यातला घड्याळाचा इवलासा सेल मेला होता, त्यामुळे सुरू केला की तो दर वेळी कुठल्यातरी जुन्या सालात जागा व्हायचा आणि मी मोबाइलवर सेकंद बघून त्याची वेळ लावायची. त्या दिवशी मोबाइल नाही. उपग्रह यायला सहा मिनिटं.

"आबा, घड्याळ द्या."

त्यांनी मनगटावरून काढून दिलं. मी सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहिली, पाच मिनिटं वजा केली आणि बटण दाबलं. एवढंच केलं मी. एवढंच.

दारात उभी राहून, अँटेना पोटाशी धरून, मी ते चित्र घेतलं. वरचा भाग खरखरीत गेला. मग पांढरं, पांढरं, पांढरं. किनारा कुठे दिसेना, सगळ्यावर ढग. आणि मग ते चक्र, मधोमध काळा डोळा. सॉफ्टवेअर वेळेवरून हिशोब करून चित्रावर किनाऱ्याची रेघ काढतं. रेघ आली. डोळा मालवणच्या समोर होता.

एरवी मी ती काढलेली रेघ खऱ्या किनाऱ्याशी ताडून बघायची, गुजरातच्या नाकाशी नाक जुळतंय का ते. त्या दिवशी नाक खरखरीत आणि किनारा ढगात. ताडायला काही नव्हतं. ताडल्याशिवाय निष्कर्ष काढणाऱ्या पोरांना मी सव्वीस वर्षं प्रयोग परत करायला लावत आलेय.

"मालवणसमोर आहे अजून," मी म्हणाले. "आपल्याकडे यायला संध्याकाळ."

आबांच्या मांडीवर सेलवरचा रेडिओ होता. "ह्यो तर म्हणतोय, लई जवळ आलं."

"आबा, ते पहाटेचं सांगतात. हे आत्ताचं आहे."

पहाटे जवळ असलेलं वादळ सकाळी लांब कसं जाईल, हा प्रश्न पाचवीतल्या पोराला पडला असता. मला पडला नाही.

परब काकू दारात आल्या होत्या. मालवण हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "गो बाये, माझ्या घरावरची कौलां!" गावाकडच्या रिकाम्या घराच्या काळजीनं त्या तिथेच खाली बसल्या. मग भानावर येऊन विचारलं, "मगे आमी काय करू? ह्यांका खाली न्हेवचा काय?"

आणि मी, मोठ्या डॉक्टरणीच्या आवाजात म्हणाले, "काकू, घाई नका करू. चार वाजता मी माणसं घेऊन येते, काकांना नीट उतरवू. तोवर वेळ आहे." खालच्या गल्लीतली बिऱ्हाडं बोचकी घेऊन उतरत होती. आबा त्यांना हसून सांगत होते, "माझ्या बेबीनं चित्र काढलंय."

मी घरी आले. मैत्रीची परीक्षा संपली तेव्हा खिडक्या वाजायला लागल्या होत्या. हे फार लवकर होतं. तरी मी म्हटलं, वादळाची पुढची फळी असेल. तिला चित्र दाखवावं म्हणून, बंद न करता नुसता मिटून आणलेला लॅपटॉप उघडला. तिचा फोन, म्हणजे माझाच, शेजारी पडला होता. लॅपटॉपवर अकरा वाजून बारा मिनिटं झाली. फोनवर अकरा वाजून अकरा मिनिटंच होती. मी बघत राहिले. फोनवर बारा होईनात.

"मम्मी, काय झालं?"

मी बोट वर केलं आणि मोजायला लागले. मैत्रीही मोजू लागली. दहा. वीस. तीस. चाळिसाव्याला फोन बदलला.

उपग्रह एका सेकंदात साडेसहा किलोमीटर पुढे जातो. हे मीच मैत्रीला शिकवलं होतं. आबांचं पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ खरं तर पाच मिनिटं चाळीस सेकंद पुढे होतं, आणि मी प्रामाणिकपणे फक्त पाच वजा केले होते. उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेकडे जात होता, त्यामुळे त्या चाळीस सेकंदांनी रेघेतला अख्खा किनारा अडीचशे किलोमीटर वर सरकवला होता. डोळा मालवणसमोर नव्हता. तो मुरुडच्या आसपास होता, आणि तेही चार तासांपूर्वी. मैत्रीनं तोंडावर हात ठेवला. मी चप्पल न घालता निघाले.

त्या पायऱ्या मी आयुष्यात हजार वेळा चढले असेन. त्या दिवशी त्या पायऱ्या राहिल्या नव्हत्या. लाल पाण्याचा ओढा झाला होता आणि पाय पायरीवर पडतोय की दगडावर ते कळत नव्हतं. वारा पाठीमागून ढकलायचा, मग एकदम उलटायचा आणि छातीवर यायचा. कुठूनतरी एक पत्रा आला आणि पानाच्या बंद टपरीवर आपटून पुढे गेला. मी भिंतीला चिकटले. तोंडानं काही म्हणत होते. नंतर आठवलं, मी वजाबाकी करत होते. पाच चाळीस वजा पाच. पाच चाळीस वजा पाच.

वर आबा दारात उभे होते, माझ्या चार वाजण्याची वाट बघत. साडेअकरालाच मला बघून त्यांनी काहीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "परबाला उचलायचं ना?"

माणसं नव्हती. गल्ली रिकामी झाली होती. थांबलेली दोन घरं फक्त ही. लाल प्लास्टिकच्या खुर्चीत काकांना बसवलं, काकूंच्या जुन्या साडीनं आवळून बांधलं. खालच्या बाजूला, म्हणजे वजनाच्या बाजूला, आबा. एकोणसत्तर वर्षांचे. वरच्या बाजूला मी आणि काकू. काकूंनी तशातही छत्री घेतली होती आणि ती पहिल्याच वळणावर उडून गेली. काकांना बोलता येत नव्हतं. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की दोन दिवस वळ राहिले.

आबा मोठ्यानं पायऱ्या मोजत होते. एक. दोन. तीन. प्रत्येक आकड्याला आधी पाय चाचपायचा, मग वजन टाकायचं. चाळिसाव्या पायरीवर त्यांचा गुडघा वाकला आणि खुर्ची पुढे झुकली. काकू किंचाळल्या, "अवो, धरा!" आबांनी खांदा खाली घातला आणि अख्खी खुर्ची खांद्यावर पेलली. क्षणभर कुणीच हललं नाही. मग खालून आवाज आला, "एक्केचाळीस."

पायथ्याच्या विहारात पोचलो तेव्हा ते एकशे चौदा म्हणाले आणि नव्यानं चुना लावलेल्या भिंतीला टेकून बसले. काकांच्या साडीची गाठ सोडायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. लेथवर छत्तीस वर्षं न हललेले हात.

संध्याकाळी वारा पडला तेव्हा आम्ही वर गेलो. मागची दगडी भिंत कोसळून आत आली होती. आबांचं स्वयंपाकघर गेलं होतं. परबांच्या खोलीत भिंतीकडची खाट दगडांखाली होती, फक्त एक पाय बाहेर दिसत होता, त्याला काकूंनी बांधलेला काळा दोरा. काकू त्या दगडांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरा झाला गो तू इलंस."

त्यांनी माझे आभार मानले. ज्या बाईनं त्यांना थांबायला सांगितलं होतं, तिचे. मी मान हलवली. ते आभार आजही मला झोंबतात.

उतरताना आबांनी विचारलं, "चित्र चुकलं का गं?"

"नाही आबा. वादळच जोरात आलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मशीनवरून उतरलेला नग हातात घेऊन बघायचे ना, तसं. आणि पुढची पायरी उतरले.

पण मैत्री गप्प राहणारी नव्हती. आबा आमच्याकडे राहायला आले आणि आठवड्याभरात तिनं जेवताना सहज सांगून टाकलं, "आजोबा, तुमचं घड्याळ पाच नाही, पाच चाळीस पुढे आहे. मम्मी आणि मी मोजलं." आबांचा घास हातात राहिला. मी मैत्रीकडे रागानं बघितलं, ती वरणाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर आबा रेडिओला कान लावून उभे. घड्याळाची चावी बाहेर ओढलेली, श्वास रोखलेला.

"काय करताय?"

"गप."

बातम्यांच्या आधी रेडिओवर पीप-पीप वाजतात. शेवटच्या पीपला त्यांनी चावी आत दाबली. मग घड्याळ माझ्यापुढे धरलं. "हां. आता पाच म्हंजे पाच. सेकंदालाबी. बिनधास्त वजा कर."

मला हसू आलं आणि मी घड्याळ हातात घेतलं. "आबा, चूक माझी होती. मी ताडून बघितलं नाही."

"तुझी होतीच," ते म्हणाले. "पण माप माझं होतं ना." थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखे, "छत्तीस वर्षांत एक नग परत आला नाही माझा."

चावीचं घड्याळ रोज थोडं सरकतं. म्हणून ते रोज बातम्यांआधी रेडिओजवळ उभे राहायचे. भिंत नवी बांधली, ते परत वर गेले, तिथेही. दोन वर्षांपूर्वी आजारानं गेले, त्या आठवड्यापर्यंत त्यांचं घड्याळ बरोबर पाच मिनिटं पुढे होतं. बरोबर पुढे असलेलं घड्याळ असं मी दुसरं पाहिलेलं नाही.

ते उपग्रहही आता नाहीत. म्हणजे आहेत, फिरताहेत, पण गेल्या वर्षी एकामागोमाग मुके केले गेले. थकले होते. एका सकाळी मी मुद्दाम डोंगर चढले, आबांच्या दारात उभी राहिले आणि ठरलेल्या वेळी अँटेना धरली. बारा मिनिटं नुसती खरखर ऐकली. दाराच्या आतल्या बाजूला खडूच्या चार खुणा अजून होत्या. पाचवी आबांनी केली नव्हती. त्यांनी ती का केली नाही, याचा विचार मी पुष्कळदा केलाय.

आज साडेनऊला मी पुन्हा वर आलेय. लाऊडस्पीकरची गाडी सकाळपासून सांगतेय, दहापर्यंत सगळ्यांनी खाली या. परब काका तसेच आहेत, थोडे आणखी हलके झालेत. खाट आता रस्त्याच्या बाजूला आहे. या वेळी खुर्चीला चाकं आहेत आणि ती उचलायला दाराखालच्या पायऱ्यांवर माणसं उभी आहेत. काकूंचं मात्र पिशवीत एक भरायचं, एक काढायचं चालू आहे. पानांतून पहिली झुळूक सरसरून गेली.

"तुझां चित्र काय म्हणता?" त्यांनी विचारलं.

एवढ्या वर्षांनीही त्यांचा माझ्या चित्रावर विश्वास होता. मला ते सहन होईना. मी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "काकू, चित्र नाही आता. आणि त्या वर्षी ते चुकलं होतं. वादळ डोक्यावर होतं आणि मी तुम्हाला थांबा म्हणाले. माझ्यामुळे थांबलात तुम्ही."

काकू फडक्यानं काकांचं तोंड पुसत होत्या. हात थांबला नाही.

"माका ठावक आसा," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाशीन तेव्हाच येवन सांगल्यान. चूक माझ्या घड्याळाची, पोरीची नाय, असा म्हणालो. हात जोडल्यान माका."

आबांनी कधी, कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. मालकापुढेही नाही. मला 'तुझी होतीच' म्हणणारा माणूस शेजारी जाऊन सगळं स्वतःवर घेऊन आला होता, आणि मरेपर्यंत मला बोलला नव्हता.

काकूंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "दहाक अजून पाच मिनटां आसत गो. देवाक दिवो लावन येतंय."

माझ्या मनगटावर आबांचं घड्याळ आहे. आज सकाळीच मी ते फोनच्या सेकंदांशी ताडून लावलंय. पाच म्हणजे पाच. सवयीनं मी वजाबाकी सुरू केली आणि मध्येच थांबले.

"नाहीत काकू," मी खुर्चीचा ब्रेक काढला. "दहा वाजले. चला."